बाईनं कसं बसावं? गिलेर्मिना सुजियाची गोष्ट

(आमच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



या अभ्यासवर्गात आपण आजवर कायदा, आरोग्य, रेशन, पाणी या विषयांवर बोलत आलो. या वेळी संगीत ठरलं, तेव्हा दोघीतिघींनी मला विचारलं, की चेलो हे वाद्य आपल्यापैकी किती जणींनी जवळून पाहिलंय? प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी वाद्याबद्दलच सांगते.

चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घरातलं थोरलं भावंड. आकार तोच, पण उंची चार फुटांच्या आसपास. हनुवटीखाली धरायचा प्रश्नच नाही. खुर्चीवर बसायचं, वाद्य पुढ्यात उभं करायचं, दोन्ही गुडघ्यांनी त्याला दोन बाजूंनी आधार द्यायचा. त्याची मान आपल्या डाव्या खांद्याजवळ येते, डाव्या हाताची बोटं तारांवर आणि उजव्या हातात गज. खर्जापासून बाईच्या वरच्या सुरापर्यंत सगळं त्यातून निघतं. जुन्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांमागे जो खोल, घुमणारा, पोटातून आल्यासारखा आवाज ऐकू येतो, तो पुष्कळदा चेलोचा असतो.

आता यात कुणाला आक्षेप घेण्यासारखं काय आहे? गुडघे. गुडघे फाकवून बसायचं, हाच तो आक्षेप.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात बाईनं पियानो वाजवलेला चालत असे, गायलेलं चालत असे, हार्प तर शोभूनच दिसे. व्हायोलिनलाही नाकं मुरडणारे होते. चेलो मात्र सरळच वर्ज्य. ज्यांनी तरीही धरला त्यांच्यासाठी एक तोड काढण्यात आली. घोड्यावर बसताना सभ्य बाईनं दोन्ही पाय एकाच बाजूला टाकून बसायचं असा तिथला दंडक होता, तोच चेलोवर लावला. दोन्ही पाय डावीकडे वळवायचे, वाद्य एका बाजूनं टेकवायचं आणि कंबरेत पीळ देऊन वाजवायचं. तसं करून बघा. श्वाससुद्धा धड घेता येत नाही, मग गज कुठून मोकळा चालणार? मुली असं वाजवायच्या, आणि मग जाणकार म्हणायचे की बायकांच्या चेलोला ताकद नाही.

हसू नका. स्कूटरवर मागे बसताना दोन्ही पाय एका बाजूला टाकून, एक हात पदराला आणि एक हात सीटच्या दांडीला, अशा आपण किती वर्षं बसलो? पाय जुळवून बस, मांडी घालू नकोस, ऐसपैस बसू नकोस, हे किती वेळा ऐकलं? शरीरानं किती जागा घ्यायची हे मुलीला फार लवकर शिकवलं जातं. आज ज्या बाईबद्दल मी बोलणार आहे, तिच्याकडे मला याच बाजूनं बघायचंय. तिनं जागा कशी घेतली, त्यासाठी कुणाकुणाची मदत घेतली, त्याची काय किंमत मोजली, आणि मिळालेली जागा पुढे कुणाला दिली.

तिच्याआधी एकीचं नाव घेतल्याशिवाय मात्र पुढे जाववत नाही. लीझ क्रिस्तियानी. पॅरिसची मुलगी, जन्म १८२७. १८४५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ती चेलो घेऊन लोकांपुढे आली. त्याच वर्षी जर्मनीत लाइपझिगला वाजवलं, तिथे मेंडेल्सोननं तिच्यासाठी चेलो आणि पियानोची एक छोटी रचना केली. ती आजही जगभर वाजवली जाते. डेन्मार्कच्या राजानं किताब दिला. इथवर ठीक. पुढे ती रशियात गेली आणि तिथून सैबेरियात! बर्फावरच्या गाड्या, घोडे, होड्या आणि बरोबर पेटीत बंद केलेला स्त्रादिवारीचा चेलो. इर्कुत्स्क, चीनच्या सरहद्दीवरचं क्याख्ता, याकुत्स्क. १८४९ साली पूर्व सैबेरियाचा गव्हर्नर मुराव्योव बायकोसह कामचात्काला निघाला, त्यांच्याबरोबर ही समुद्र ओलांडून तिथेही पोचली. जिथे असलं वाद्य कुणी ऐकलंच नव्हतं तिथे तिनं कार्यक्रम केले. १८५३ मध्ये दक्षिण रशियात नोवोचेरकास्क इथे कॉलऱ्यानं गेली, तेव्हा पंचविशीचीच होती. तो चेलो इटलीत क्रेमोना गावच्या संग्रहालयात आहे, तिच्याच नावानं ओळखला जातो. तिच्या मागे मात्र विद्यार्थिनींची फळी उभी राहिली नाही. ती एकटी गेली आणि वाट पुन्हा बुजली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मला याच मुद्द्यावर यायचंय.

गिलेर्मिना सुजियाचा जन्म २७ जून १८८५ चा, पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातला. वडील ऑगुस्तो स्वतः चेलोवादक आणि शिक्षक. मोठी बहीण व्हर्जिनिया पियानो वाजवायची. वडिलांनी गिलेर्मिनाच्या हातात लहानपणीच चेलो दिला आणि सातव्या वर्षी तिनं लोकांसमोर वाजवलं. बारा-तेरा वर्षांची होईतो ती शहरातल्या वाद्यवृंदात चेलोवाल्यांची प्रमुख होती. फ्रॉकमधली पोर, आणि मागे बसलेले सगळे मिशीवाले.

वडिलांचा वाटा इथे मोकळेपणानं मान्य करायला हवा. आपल्या बोलण्यात बाप बहुतेक वेळा दाराला कडी घालणारा असतो, आणि तो तसा असतोही. पण कलेच्या क्षेत्रातल्या पहिल्या पिढीच्या बायका पाहिल्या तर पुष्कळींच्या मागे शिकवणारा बाप दिसतो. कारण सोपं आहे. ज्या विद्येची शाळा मुलींना बंद, ती विद्या घरात असेल तरच मुलीला मिळणार. आपल्या इथे सारंगी हे असंच पुरुषांचं वाद्य. त्यात अरुणा नारायण यांचं नाव झालं, त्या पंडित रामनारायण यांच्या कन्या. ज्या मुलीच्या घरात वाद्यच नाही, तिचं काय? त्या प्रश्नाकडे सुजिया स्वतःच शेवटी येते.

१८९८ च्या उन्हाळ्यात पोर्तोजवळ एस्पिन्यो या समुद्रकाठच्या गावी, तिथल्या कसिनोत, एक एकवीस वर्षांचा स्पॅनिश तरुण चेलो वाजवत होता. नाव पाब्लो कासाल्स. वडील मुलीला त्याच्याकडे शिकायला घेऊन गेले. तो पुढे विसाव्या शतकातला सर्वांत मोठा चेलोवादक ठरला. त्या काळी मुलांना गज धरायला शिकवताना काखेत पुस्तक धरायला लावत, हात अंगाला चिकटलेला राहावा म्हणून. कासाल्सनं ते पुस्तक फेकून दिलं आणि हात खांद्यापासून मोकळा केला. पुरुषांच्याही शरीरावर असली बंधनं होती, एवढं आपण ध्यानात घेऊ. बायकांच्या वाट्याला काखेतलं पुस्तकही होतं आणि वळवलेले पायही.

१९०१ मध्ये राणी अमेलियाच्या मदतीनं तिला शिष्यवृत्ती मिळाली आणि ती वडिलांबरोबर लाइपझिगला युलियुस क्लेंगेल यांच्याकडे शिकायला गेली. शिष्यवृत्ती एकीची आणि राहणारे दोघं, कारण सोळा वर्षांची मुलगी परमुलखात एकटी कशी राहणार? मुलीच्या शिक्षणाचा खर्च असा नेहमीच दुप्पट होतो. हे आपल्या वसतिगृहाच्या लढ्यात आपण किती वेळा मांडलंय! १९०३ मध्ये, अजून अठरा पुरी व्हायची होती, तेव्हा ती लाइपझिगच्या नामांकित गेवांडहाउस वाद्यवृंदाबरोबर, आर्थर निकिश यांच्या हाताखाली, एकलवादक म्हणून उभी राहिली. उभी कसली, बसली! फोल्कमान नावाच्या रचनाकाराचा कॉन्चेर्तो तिनं वाजवला. श्रोत्यांनी तो अख्खा पुन्हा वाजवायला लावला असं सांगतात.

यानंतरचा भाग लोकांना फार आवडतो, म्हणून मी तो लवकर उरकणार आहे. १९०६ पासून १९१३ पर्यंत ती पॅरिसला कासाल्सबरोबर राहिली. लग्न केलेलं नव्हतं. कार्यक्रमाच्या पत्रकांवर तिचं नाव ‘कासाल्स-सुजिया’ असं छापलं जायचं. दोघांनी एकत्र वाजवलं. एमानुएल मोर यांनी दोन चेलोंसाठी लिहिलेली रचना दोघांनी मंचावर सादर केली. १९१३ मध्ये दोघं वेगळी झाली. १९१४ मध्ये कासाल्सनं एका अमेरिकन गायिकेशी लग्न केलं.

का वेगळी झाली? यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. मला त्यात रस नाही. मला रस आहे तो असा, की संगीताच्या किती पुस्तकांत सुजियाची ओळख ‘कासाल्सची शिष्या आणि सहचरी’ अशी सुरू होते. सात वर्षं ती त्याच्याबरोबर होती. त्याआधी ती लाइपझिगला वाजवून आली होती, त्यानंतर सदतीस वर्षं जगली, वाजवली, शिकवत राहिली. पण ओळख त्या सात वर्षांची. आपल्याकडेही अमक्यांच्या पत्नी, तमक्यांच्या भगिनी अशीच कार्यकर्तीची ओळख करून दिली जाते. ती ज्या संघटनेत वीस वर्षं राबली त्या संघटनेचं नाव पुढच्या वाक्यात येतं, आलं तर.

वेगळं झाल्यावर एकट्या बाईनं काय करायचं? आडनावाला जोडलेलं नाव गेलं, पॅरिसचं घर गेलं. तिला संगीतविश्वात पोचवणारं सगळं वर्तुळ कासाल्सच्या स्नेह्यांचं. तीस वर्षांची होत आलेली. त्यात महायुद्ध. पोर्तुगालमध्ये १९१० सालीच राजेशाही संपली होती, मदत करणारी राणीसुद्धा परागंदा झाली होती. ही लंडनला आली आणि तिथे तिनं नव्यानं नाव उभं केलं. पुढची दहा-पंधरा वर्षं इंग्लंडमध्ये चेलो म्हटलं की सुजिया असं समीकरण झालं. मोटार चालवायची, पोहायची, वल्हवायची, टेनिस खेळायची. १९२० आणि २१ मध्ये ‘म्युझिक अँड लेटर्स’ या इंग्रजी नियतकालिकात तिनं चेलो आणि त्याच्या वादनाबद्दल लेख लिहिले. मला हे मोटारीपेक्षा मोठं धाडस वाटतं. वाजवणारीनं वाजवावं आणि समजावून सांगायचं काम विद्वानांनी करावं, ही वाटणी तिनं मानली नाही.

याच काळात ‘कंट्री लाइफ’ साप्ताहिकाचे मालक एडवर्ड हडसन यांच्याशी तिची लग्नगाठ ठरली होती, ती पुढे मोडली. तिच्या हातात आलेला १७१७ सालचा स्त्रादिवारीचा चेलो हडसन यांच्या पैशातून आलेला होता. यावर नाक मुरडणारे असतात. पण विचार करा, असली वाद्यं तेव्हाही सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर होती आणि आजही आहेत. पुरुष वादकांनाही ती धनिकांकडूनच मिळत आली. पुरुषाला मिळालं की तो आश्रय, बाईला मिळालं की संशय. त्या चेलोचं तिनं शेवटी काय केलं ते ऐकल्यावर या गोष्टीकडे परत बघा.

आणि ते चित्र. ऑगस्टस जॉन या चित्रकारानं १९२० ते २३ अशी तीन वर्षं तिला समोर बसवून चित्र काढलं. आज ते लंडनच्या टेट संग्रहात आहे. जवळजवळ पुरुषभर उंचीचं चित्र. लालभडक, जमिनीवर दूरवर पसरलेला झगा, मधोमध चेलो, गजाचा हात लांब फेकलेला, मान वर, चेहरा एका बाजूला वळलेला. बघणाऱ्याकडे तिचं लक्षच नाही. पोझ देताना ती खरोखरच वाजवत असे. त्या झग्याबद्दल मी खूप विचार केला आहे. एका परीनं तो गुडघे झाकायची युक्ती आहे, बाकी काय? पण झाकता झाकता त्यानं केवढी जागा व्यापली आहे! पाय जुळवून कोपऱ्यात बसायला सांगितलेल्या बाईनं अर्धा कॅनव्हास घेतलाय. तिच्यावर लिहिणाऱ्यांनी तिच्या झग्याबद्दल आणि डोळ्यांबद्दल इतकं लिहिलं की वादन मागे पडलं, ही तक्रारही खरीच. दोन्ही गोष्टी एकाच चित्रात आहेत. मला त्यातली एक निवडता येत नाही, निवडावी असंही वाटत नाही.

आता थोडं थांबून एक वेगळा मुद्दा मांडते, कारण चळवळीच्या दृष्टीनं तो सुजियाच्या चरित्रापेक्षा महत्त्वाचा आहे. एकटी बाई मंचाच्या मधोमध एकलवादक म्हणून बसली तर समाज टाळ्या वाजवतो. ती अपवाद असते, देवीसारखी. पण त्याच मंचावर मागे साठ-सत्तर खुर्च्या असतात. त्या खुर्च्या म्हणजे नोकऱ्या. महिन्याचा पगार, वर्षाचा करार, म्हातारपणीची सोय. तिथे बाई आली की टाळ्या थांबतात.

लंडनच्या क्वीन्स हॉल वाद्यवृंदात हेन्री वुड यांनी १९१३ मध्ये सहा बायकांना घेतलं, ती मोठी बातमी झाली. युद्धात पुरुष गेले तसे इतरांनीही घेतलं. मँचेस्टरच्या हाले वाद्यवृंदानं युद्ध संपल्यावर, १९२० मध्ये, बायकांना काढून टाकलं. दौऱ्यावर त्यांच्या राहण्याची सोय करणं अवघड जातं, हे कारण. ऐकल्यासारखं वाटतं ना? रात्रपाळीला नको, फिरतीला नको, स्वच्छतागृह नाही. संगीतकार आणि मतदानहक्काच्या लढ्यात तुरुंगात गेलेल्या एथेल स्मिथ यांनी वाद्यवृंदांच्या या वागण्यावर लेखणी चालवली. बर्लिन फिलहार्मोनिकनं पहिली बाई घेतली १९८२ मध्ये. व्हिएन्ना फिलहार्मोनिकनं १९९७ मध्ये हार्प वाजवणाऱ्या आना लेल्केस यांना सदस्य केलं, त्याही अनेक वर्षं सदस्यत्वाविना त्यांच्याबरोबर वाजवत होत्या. म्हणजे सुजिया गेवांडहाउसमध्ये एकल वाजवून गेली त्यानंतर ऐंशी-नव्वद वर्षांनी युरोपातल्या या दोन सर्वांत नावाजलेल्या वाद्यवृंदांनी बाईला खुर्ची दिली.

आपल्याकडे हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, आणि बहीणभावंडांसह नाटक कंपनी काढून बायकांच्या भूमिका बायकांनी करायच्या असं ठरवलं. त्यांचं गाणं सगळे आठवतात. कंपनी काढून इतर बायकांना काम दिलं, हे फार कमी जण आठवतात. म्हणून हा मुद्दा काढला.

सुजियाकडे येऊ. १९२४ च्या सुमाराला तिनं पुन्हा पोर्तोत घर केलं. १९२७ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, तिनं कार्तेआदो मेना या डॉक्टरांशी लग्न केलं. लग्नानंतरही इंग्लंडचे दौरे चालू राहिले. वर्षातला काही काळ तिकडे, काही काळ इकडे. हे लिहायला सोपं आहे. पण त्याच पोर्तुगालमध्ये पुढे सालाझारची हुकूमशाही आली, आणि तिथल्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईला देशाबाहेर पाऊल टाकायला नवऱ्याची संमती लागायची. ही अट गेली १९६९ साली! आपल्या गोव्यावर १९६१ पर्यंत हेच सरकार होतं, तेव्हा गोव्याच्या मैत्रिणींना या कायद्यांची चव ठाऊक असेल. सुजिया दौऱ्यांवर जात राहिली, कारण नवरा आड आला नाही. नवरा आड आला नाही म्हणून जमलं, याला स्वातंत्र्य म्हणायचं का, हे आपण चर्चेत घेऊ.

पोर्तोत ती शिकवायची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोर्तुगाल तटस्थ होता, इंग्लंडचे दौरे बंद पडले, तेव्हा तर शिकवणं वाढलं. तिच्या शिष्यांमध्ये मुली पुष्कळ होत्या. त्यातली एक मादालेना सा ए कोश्ता, जन्म १९१५. तिनं स्वतः मैफली केल्या आणि पिढ्यांना शिकवलं. २०२२ मध्ये, एकशे सहा वर्षांची होऊन ती वारली. बघा म्हणजे, १८८५ साली जन्मलेल्या बाईचा हात कुठवर पोचला. क्रिस्तियानीच्या वेळी बुजलेली वाट इथे बुजली नाही. मैफल संपली की संपते. त्या काळच्या तिच्या बहुतेक मैफलींचं आज काही शिल्लक नाही. मुलीच्या मनगटाला हात लावून ‘इथून नाही, खांद्यापासून’ असं दाखवणं मात्र पुढे जातं. बालवाडीताईंना आणि आरोग्यसेविकांना हे मी सांगायला नको.

शिकवण्याच्या कामाला मान नसतो, हेही तुम्हाला ठाऊक आहे. कलावंत शिकवायला लागला की लोक म्हणतात, आता उतार लागला. बाई असेल तर म्हणतात, बरं झालं, घरी बसून होण्यासारखं आहे. सुजियानं शिकवलं आणि वाजवलंही. १९४९ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी, तिनं एडिंबरा महोत्सवात वाजवलं. त्याच वर्षी नवरा गेला. पुढच्या वर्षी तिला कॅन्सर असल्याचं कळलं. शस्त्रक्रियेसाठी लंडनला गेली, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. परत घरी आली आणि ३० जुलै १९५० रोजी पोर्तोत वारली.

मृत्युपत्रात तिनं काय लिहिलं होतं? तो १७१७ चा स्त्रादिवारी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिककडे द्यायचा, त्यांनी तो विकायचा, आणि आलेल्या पैशाचा निधी करून एकवीस वर्षांखालच्या चेलो शिकणाऱ्या मुलामुलींना मदत करायची. कुठल्याही देशाचे असोत. दुसरा एक मौल्यवान चेलो होता, तो पोर्तोच्या संगीत विद्यालयासाठी ठेवला, तिथेही बक्षीस सुरू झालं. लोक आपली वाद्यं संग्रहालयाला देतात, नाव राहावं म्हणून. हिनं विकायला सांगितलं. काचेच्या पेटीत ‘सुजियाचा चेलो’ बघायला मिळाला असता, त्याऐवजी फीचे पैसे झाले. ज्या मुलीच्या घरात वाद्य नाही तिचं काय, असं मघाशी मी विचारलं होतं. हे तिचं उत्तर.

१९५६ मध्ये हे बक्षीस मिळालं लंडनच्या एका मुलीला. अकरा वर्षं तिला नुकतीच होत होती. जॅकलिन द्यू प्रे. पहिली शिक्षिका आई, तीही पियानोवादक. मुलीला वाजवता येईल असे छोटे तुकडे आई स्वतः रचून, चित्रं काढून उशाशी ठेवायची. सुजियाच्या निधीतून पुढची काही वर्षं त्या मुलीच्या शिकवणीचा खर्च निघाला. बक्षिसाच्या परीक्षकांत जॉन बार्बिरोली होते. त्यांनीच १९२८ मध्ये सुजियाबरोबर हायडनच्या कॉन्चेर्तोची रेकॉर्ड केली होती, आणि त्यांनीच १९६५ मध्ये या मुलीबरोबर एल्गारच्या कॉन्चेर्तोची ती प्रसिद्ध रेकॉर्ड केली. द्यू प्रेला १९७३ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं निदान झालं, बोटं तारा ओळखेनाशी झाली. वाजवणं थांबलं. चाकाच्या खुर्चीत बसून ती शिकवत राहिली. १९८७ मध्ये, बेचाळीस वर्षांची, ती गेली.

त्याच दशकात निधीची मदत मिळाली रोहन द सराम या मुलालाही. आईवडील श्रीलंकेचे. त्या मदतीनं तो बार्बिरोलींकडे आणि पुढे खुद्द कासाल्सकडे शिकला. सुजियाच्या पैशानं मुलगा कासाल्सकडे शिकायला गेला, आहे की नाही गंमत? नव्या, अवघड, कुणी हात लावायला धजत नसे अशा रचना वाजवण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. २०२४ मध्ये ते वारले.

मघाशी चहाच्या वेळी एकीनं मला विचारलं, की तिनं निधी फक्त मुलींसाठी का ठेवला नाही? ठेवायला हवा होता का? माझं मत असं, की १९५० साली तिनं तो फक्त मुलींसाठी ठेवला असता तर ते ‘बायकांचं बक्षीस’ झालं असतं, आणि बार्बिरोलींसारखे लोक ते द्यायला बसले नसते. सगळ्यांसाठी ठेवलं, आणि अकरा वर्षांच्या मुलीनं ते मोठ्या मुलांच्या पुढे जाऊन घेतलं. पण मला हेही दिसतं, की सगळ्यांसाठी ठेवलेली दारं आपल्या मुलींना पुष्कळदा दिसतसुद्धा नाहीत. तेव्हा राखीव जागांचा आग्रह आपण सोडावा असं मी यावरून मुळीच म्हणणार नाही. तुमच्यातल्या कुणाचं मत वेगळं असेल तर मांडा, वेळ ठेवला आहे.

एक जोड. दिल्लीत राहणाऱ्या सास्किया राव-द हास या मूळच्या नेदरलंड्सच्या. त्या चेलोवर हिंदुस्थानी राग वाजवतात, हरिप्रसाद चौरसियांकडे शिकल्या आहेत. आपल्या संगीतासाठी त्यांनी वाद्यात बदल करून घेतले, तरफेच्या तारा बसवल्या, आणि त्या खुर्चीवर बसतच नाहीत. बैठकीवर, जमिनीवर बसून वाजवतात. कसं बसायचं याचं उत्तर एकच नसतं तर!

पोर्तोत २००५ मध्ये ‘कासा दा म्युझिका’ ही मोठी नवी वास्तू उभी राहिली. तिच्या मुख्य सभागृहाचं नाव आहे साला सुजिया. बाराशेच्यावर लोक बसतात. तिथल्या नकाशावर कासाल्सचा उल्लेख करायची कुणाला गरज पडत नाही.

आता बोलणं पुरे. टेपवर मी तिची १९२७ सालची रेकॉर्ड आणली आहे, ब्रूखची ‘कोल निद्राय’ ही रचना. जुनी तबकडी आहे, खरखर येईल, तिकडे दुर्लक्ष करा. सुरुवातीला वाद्यवृंद हळू वाजेल, मग ती येईल. मागच्यांनी पुढे सरकून बसा, आणि दाराशी उभ्या असलेल्या मैत्रिणींना जागा द्या.